क्रोटनच्या कुंडीतली अळमी

पावसाआधी आमच्या फोंड्याच्या घरात सुतारकाम झालं. उरलेल्या लाकडाच्या ढलप्या फेकायला जीव होईना, म्हणून त्या कुंड्यांत पसरल्या. "पात्रांव, जाळून टाका," सुतार म्हणाला होता. ऐकायला हवं होतं.

श्रावणातल्या एका सकाळी क्रोटनच्या बुडाशी लिंबासारखी पिवळीधमक छत्र्यांची रांग! मला आधी वाटलं, कुणीतरी प्लॅस्टिकचं काहीतरी खोचून गेलंय.

आता श्रावणात गोव्यातल्या माणसाशी अळम्यांबद्दल (मशरूमबद्दल) बोलणं म्हणजे उपाशी मांजराला बांगड्याचा वास दाखवणं. मासळी बंद, आणि बाजारात रोयणीवरची अळमी पानात बांधून, मोजून विकतात. भाव ऐकून माणूस नुसता वास घेऊन परततो. रोयण म्हणजे वारूळ. जिच्या रूपात सातेरी देवी पुजतात तीच. आत वाळवी बुरशीची शेती करते, वर अळमी येतात. ही शेती माणसाला काही जमत नाही. आणि माझ्याकडे फुकट पीक! दहा वाजेपर्यंत अख्ख्या वाड्यावर बातमी.

"तोणाक कर रे, सोय मी खवून आणते," काकी म्हणाल्या. तोणाक म्हणजे खोबऱ्याच्या वाटणाची आमटी, सोय म्हणजे खवलेलं खोबरं. पलीकडच्या आजोबांनी चांदीचं नाणं मागितलं. अळम्यांबरोबर उकळायचं, काळं पडलं तर विष. आई म्हणाली, नाणं कशाला, लसूण टाक. नाणं नसल्यामुळे सगळ्यांची नजर बायकोच्या पैंजणांकडे वळली आणि ती आत निघून गेली. मुळात अळम्यांतलं विष ना चांदीला कळत, ना लसणीला. माणसं मरतील असं अळमं उकळलं तरी नाणं लखलखीतच.

मी शोधाशोध केली. नाव निघालं ल्युकोकोप्रिनस बर्नबॉमी. 1839 साली कोर्डा नावाच्या शास्त्रज्ञाने त्याचं वर्णन केलं. बर्नबॉम नावाच्या बाग-निरीक्षकाला ते प्रागच्या काचघरात अननसांमध्ये सापडलं होतं. कुजक्या लाकडावर जगतं, झाडाला त्रास देत नाही. खाणाऱ्याच्या पोटाला मात्र देतं.

हे मी जाहीर केलं. आजोबा म्हणाले, "प्रागात खोबरं कुठं मिळतं? त्यांना शिजवायला येत नसणार."

संध्याकाळपर्यंत छत्र्यांनी माना टाकल्या. मी सुटकेचा श्वास सोडला. दुसऱ्या सकाळी शेजारच्या कुंडीत नव्या अकरा उगवल्या होत्या आणि फाटकाशी खोबऱ्याचं ताट घेऊन काकी.

"खायची नसतील तर राहू दे," त्या म्हणाल्या, "चतुर्थीला गणपतीवर फळं-फुलं टांगतो त्या माटोळीला तरी बांधूया."

चतुर्थीला अजून बारा दिवस होते.