औषध मारणाऱ्यांसाठी काही नम्र सूचना

मागच्या रविवारी सकाळी साडेआठला आमच्या इमारतीच्या बागेत फवारणी झाली. खिडक्या उघड्या होत्या, दोऱ्यांवर कपडे होते, खाली पोरं खेळत होती आणि पहिल्या मजल्याच्या गॅलरीत आई पेपर वाचत बसली होती. मुहूर्त म्हणजे अगदी काढून दिल्यासारखा. बागा सांभाळण्याचाच व्यवसाय असलेल्या इतर मंडळींनाही या कौशल्याचा लाभ व्हावा, म्हणून त्या दिवशी जे शिकलो ते लिहून ठेवतो.

सगळ्यात आधी, कीड कुठली आहे ते बघत बसू नका. पान वाकडं दिसलं की पंप पाठीला. मावा (पानांचा रस शोषणारे बारीक किडे) असो, भुरी असो, लाल कोळी असो, नाहीतर झाडाला नुसतं पाणी कमी पडलेलं असो, हाताला लागेल ती बाटली चालते. भुरी ही बुरशी, तिला कीटकनाशक काय करणार? कोळी तर कीटकच नव्हे. त्याला खाणारे मित्रकीटक मात्र पहिल्याच फवाऱ्यात मरतात आणि मग कोळ्याला रान मोकळं. पण असल्या पुस्तकी गोष्टींनी बागा चालत नाहीत. माव्याच्या गर्दीत मगरीच्या पिल्लासारखी एखादी काळी-नारिंगी अळी फिरताना दिसेल. ती लेडीबर्ड या ठिपकेदार भुंग्याची. मोठी होईपर्यंत शेकडो मावे फस्त करते, तेही फुकटात. हिला आधी मारा. धंद्यात स्पर्धा नको.

माप बुचानेच घ्यावं. लेबलवर लिटरला 2 मिली लिहिलेलं असलं तर 16 लिटरच्या पंपात 32 मिली पडायला हवं, पण हा हिशेब शाळेतच ठीक होता. अंदाजाने चार बुचं, वर एक प्रेमाचं. पानं करपली तर करपलेल्या पानांवर परत मारता येतं.

वारा सुटला की सुरुवात करा. झुडपाला नाही लागलं तरी गॅलरीला लागतं.

झाड फुलांनी लगडलेलं आणि मधमाश्या कामाला लागलेल्या, ही फवारणीची खरी वेळ. संध्याकाळी त्या पोळ्यावर परतेपर्यंत थांबायचं म्हणजे आपली सुटी लांबायची.

तणनाशकाला वेगळा पंप ठेवणं हा निव्वळ उधळेपणा आहे. हिरवळीवर 2,4-डी मारून झालं की त्याच पंपातून गुलाबांवर फवारावं. कोवळे शेंडे काय सुंदर पिळवटतात! (आमचे सहा गुलाब. असो.)

नोझल चोंदलं तर तोंडाने फुंकर मारा. नाकाला रुमाल बांधलेला असतोच. तो तासाभरात भिजतो आणि विष नाकाशी नीट धरून ठेवतो.

आता मुख्य नियम. फवारलंय काय, हे कुणालाही कळू देऊ नका. विचारलंच तर म्हणायचं, ‘औषध’. आपली भाषाही या कामी मदतीला धावून येते. झाडाला औषध, उंदराला औषध, गवताला औषध. मारायला जे बनवलंय त्याला औषध म्हणायचं, आणि ते ‘द्यायचं’ नाही, ‘मारायचं’. त्या दिवशी आईला खोकल्याची उबळ आली, डोळ्यांतून धारा लागल्या. मी धावत खाली गेलो.

“दादा, काय मारलंत?”

“औषध.”

“कसलं?”

“किड्यांचं.”

“अहो, नाव काय त्याचं?”

“पाण्यात टाकलं की पांढरं होतं ना, ते.”

मूळ डबा कुठे होता कोण जाणे. शेडमध्ये थंड पेयाची प्लास्टिकची बाटली होती, तळाला चार बोटं पिवळट काहीतरी, आणि लेबल अर्थातच थंड पेयाचं. शेजारी माळीदादांची प्यायच्या पाण्याची बाटली. तशीच, त्याच आकाराची. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच: फवारलं काय होतं? काय सांगणार होतो मी? पांढरं होतं ते?

नावावर उपचार ठरतात हो! ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं कीटकनाशक असेल तर डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ गळते, अ‍ॅट्रोपिनचा उतारा द्यावा लागतो. पायरेथ्रॉइड गटातलं असेल तर त्याला उतारा असा नाहीच, लक्षणं बघून सांभाळायचं. पॅराक्वाट हे तणनाशक पोटात गेलं असेल तर एरवी जीव वाचवणारा ऑक्सिजनसुद्धा फुप्फुसांची हानी वाढवू शकतो. आणि आम्ही तिथे रंग सांगत उभे! आई संध्याकाळपर्यंत सावरली. त्यात आमची अक्कल काहीच नाही.

माळीदादांवर मी ओरडलो, त्याची नंतर लाज वाटली. त्यांना ती बाटली तशीच हातात मिळाली होती. हातमोजे कोणी दिले नव्हते, लेबल दाखवलं नव्हतं. ज्या कंत्राटदाराने मोठ्या डब्यातून ओतून ती बाटली भरली, त्याला विचारायचंय: घरात पोरं आहेत ना तुमच्या? विष मूळ डब्यातच ठेवायचं, कुलपात ठेवायचं, यात न कळण्यासारखं काय आहे? रिकामा डबा तीनदा विसळायचा, ते पाणी पंपातच ओतायचं, डब्याला भोकं पाडायची, म्हणजे त्यात परत कोणी काही भरणार नाही. आदल्या दिवशी फाटकावर एक कागद लावायचा: काय मारणार, किती वाजता, आणि कधीपर्यंत बागेत यायचं नाही. यातलं बरंचसं लेबलवर छापलेलं असतं. वाचा ना! बारीक अक्षर दिसत नसेल तर मला हाक मारा, मी चष्मा लावून वाचून दाखवतो. आणि बागेच्या कमिटीत बसून एका पानावर डाग दिसला की ‘औषध मारून घ्या’ म्हणणारे आम्ही रहिवासी, आम्हीही कधी नाव विचारलं नाही.

ती बाटली अजून शेडमध्येच आहे. आज सकाळी बघून आलो. निदान ती तरी हलवा.