जहाज पाण्यात, कामगार घरी

आमच्या घरच्या ग्रुपवर मध्यंतरी आतेभावानं एक फॉरवर्ड टाकला, की एकेकाळी जगातली निम्मी जहाजं ब्रिटन बांधायचं आणि युनियनवाल्यांनी संप करकरून तो सगळा धंदा बुडवला, आता आपल्याकडे केंद्रानं जहाजबांधणीसाठी ६९,७२५ कोटींचं पॅकेज काढलंय, वाढवणला ७६ हजार कोटींचं बंदर होतंय, तर निदान यार्डात लाल बावटा शिरू देऊ नका. त्यावर धडाधड अंगठे आले. मामानं लगेच गिरण्यांचा विषय काढला, १९८२ चा संप, दत्ता सामंत, आणि मग दोन दिवस तेच चाललं. मी गप्प बसले कारण दोन ओळींत सांगण्यासारखं नव्हतं ते, आणि मी जिथे राहते तिथून ते फारच वेगळं दिसतं.

मी गेली नऊ वर्षं स्कॉटलंडमध्ये क्लाइडबँकला राहतेय, ग्लासगोला लागूनच आहे. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून टायटन क्रेन दिसते, १९०७ ची, दीडशे फूट उंच. ही जॉन ब्राउनच्या यार्डातली क्रेन. ‘ल्युसिटानिया’, ‘क्वीन मेरी’, ‘क्वीन एलिझाबेथ’ आणि शेवटी ‘क्यूई टू’ (दुसरी ‘क्वीन एलिझाबेथ’), ही सगळी मोठी प्रवासी जहाजं इथून पाण्यात गेली. १९१३ मध्ये एकट्या क्लाइड नदीवर जगातलं जवळपास एक पंचमांश जहाजांचं टनेज (म्हणजे एकूण आकारमान) तयार झालं होतं. एका नदीवर! आता यार्डाच्या जागेवर कॉलेज, हेल्थ सेंटर, नवी घरं, आणि मध्ये ती क्रेन. मला त्या क्रेनचं जरा जास्तच अप्रूप आहे कारण माझे बाबा माझगाव डॉकमध्ये फिटर होते, निलगिरी क्लासच्या फ्रिगेटवर, म्हणजे युद्धनौकेवर, काम केलेले. त्या फ्रिगेटचं डिझाइन ब्रिटिश लिअँडर क्लासचं आणि यॅरो कंपनीचं सहकार्य होतं, ते यॅरोचं यार्ड इथून नदीवर थोडंच पुढे स्कॉट्सटनला. ‘यॅरो’ हा शब्द मी ग्लासगोच्या आधी ऐकलाय, बाबांच्या तोंडून.

आमच्या खालच्या मजल्यावर एक आजोबा राहतात, पंच्याहत्तरी ओलांडलेली. इथल्या पद्धतीनं मी त्यांना नावानंच हाक मारते. सोळाव्या वर्षी ते जॉन ब्राउनमध्ये अप्रेंटिस लागले, आणि २० सप्टेंबर १९६७ ला राणीच्या हस्ते ‘क्यूई टू’ पाण्यात सोडली तेव्हा ते तिथे उभे होते. एकदा मी त्यांना डाळ-भात नेऊन दिला तर त्यांनी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढला. मला वाटलं फोटो असतील. आत पगाराच्या चिठ्ठ्या, युनियनचं कार्ड आणि कामावरून कमी केल्याच्या चार नोटिसा. चार! चार-चार ओळींच्या, टाइप केलेल्या, घड्या पडून मधे फाटायला आलेल्या. प्रत्येक नोटिशीवर त्यांनी पेन्सिलनं त्या वेळच्या जहाजाचं नाव लिहून ठेवलंय.

मग ते म्हणाले की त्यांचे वडील जलावतरणाच्या दिवशी कधीच खूश नसायचे. बँड वाजतोय, अख्खं गाव जमलंय, पोरांना शाळेतून सोडलंय, आणि हा माणूस गप्प. कारण जहाज पाण्यात गेलं की सांगाड्यावर काम करणाऱ्यांचं काम संपलं, पुढची ऑर्डर असेल तर ठीक नाहीतर घरी. म्हणजे जितक्या लवकर काम संपवाल तितक्या लवकर तुम्ही बेकार.

हे ऐकल्यावर मला इथला सगळा इतिहासच वेगळा दिसायला लागला. ‘क्वीन मेरी’चंच बघा, डिसेंबर १९३१ मध्ये पैसे संपले म्हणून काम थांबवलं, तीनेक हजार माणसं एका झटक्यात रस्त्यावर, आणि तो अर्धवट सांगाडा २७ महिने इथे नुसता गंजत उभा, गावातल्या प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर. एप्रिल १९३४ मध्ये सरकारनं कर्ज दिलं तेव्हा परत सुरू झालं. त्याच काळात मालकांनी मिळून एक कंपनी काढली होती जी मंदीतली यार्डं विकत घ्यायची आणि बंद करायची. इंग्लंडमधल्या जॅरो गावचं पामर्स यार्ड असंच गेलं, वर अट काय तर त्या जागेवर ४० वर्षं जहाज बांधायचं नाही. तिथली २०० माणसं १९३६ मध्ये चालत लंडनला गेली. त्यात युनियनचा काय संबंध?

युनियनवाल्यांनी काहीच केलं नाही असं मी म्हणत नाहीये. लाकूड आणि पत्रा यातून एकत्र भोक पाडायचं तर ते सुतारानं पाडायचं की ड्रिलरनं, असल्या गोष्टींवरून ब्रिटनमध्ये खरंच संप झालेत. आजोबा स्वतः सांगतात की वेल्डरच्या कामाला प्लंबरनं हात लावला तर दुपारपर्यंत सगळं ठप्प. बाहेरून बघणाऱ्याला हा शुद्ध वेडेपणा वाटतो. पण ज्याला माहितीये की पुढच्या महिन्यात आपल्याला काढणार आहेत, त्याच्याकडे राखायला दुसरं असतं काय? आपलं काम आपलंच राहिलं पाहिजे, एवढंच.

आणि खरी चूक झाली ती चांगल्या दिवसांत झाली. युद्धानंतर जर्मनी-जपान उद्ध्वस्त, जगातलं जवळपास निम्मं टनेज ब्रिटनमध्ये, ऑर्डर इतक्या की गिऱ्हाईक वर्षानुवर्षं थांबायचं. त्या दहा वर्षांत यार्डं बदलायला हवी होती. मोठे भाग छपराखाली वेल्डिंग करून जोडायचे आणि क्रेननं उचलून बसवायचे ही पद्धत अमेरिकेनं युद्धात लिबर्टी नावाच्या मालवाहू जहाजांसाठी वापरली, आणि त्या लिबर्टीचं मूळ डिझाइन तर सुंदरलँडचं, म्हणजे इंग्लंडमधलंच! पण इथे बऱ्याच ठिकाणी रिव्हेट (पत्रे जोडायचे लोखंडी खिळे) मारणं चालूच राहिलं, एक पोरगा भट्टीत रिव्हेट लाल करणार, दुसरा झेलणार, मग ठोकणारे ठोकणार, कारण माणूस स्वस्त होता आणि मशीन महाग होतं आणि मंदी आली की मशीनला घरी पाठवता येत नाही, माणसाला येतं. मालकांच्या तीन-तीन पिढ्या त्याच अरुंद नदीवर, त्याच शेडमध्ये. १९५६ मध्ये जपान पुढे गेला आणि सत्तरच्या दशकात ब्रिटनचा वाटा चारेक टक्क्यांवर आला.

जपानबद्दल ग्रुपवर सगळे बोलतात ते शिस्तीचं. पण तिथल्या मोठ्या यार्डातल्या कायम कामगाराला नवीन मशीन आलं तर नोकरी जाईल ही भीती नव्हती, कंपनी त्याला दुसरं काम शिकवायची, म्हणून तो मशीनला विरोध करत नव्हता. (तिथेही ठेकेदाराची माणसं होतीच, त्यांच्या वाट्याला हे सुख नव्हतं, तेही सांगायला हवं.)

१९७१ चं तर मला मामाला खास सांगायचंय. क्लाइडवरच्या यार्डांची मिळून सरकारनं १९६८ मध्ये एक कंपनी केली होती, अप्पर क्लाइड शिपबिल्डर्स. तिला जून १९७१ मध्ये साठ लाख पौंड हवे होते, सरकारनं नाही म्हटलं, कंपनी बुडाली. तेव्हा जिमी रीड आणि जिमी एअरली या युनियनच्या लोकांनी काय केलं, तर संप केला नाही! उलट गेट ताब्यात घेऊन काम चालू ठेवलं, ज्यांना काढलं होतं तेही रोज कामावर यायचे, त्यांचा पगार वर्गणीतून. रीडनं भर सभेत सांगितलं की गुंडगिरी नाही, मोडतोड नाही, दारू नाही, कारण जग आपल्याकडे बघतंय. फेब्रुवारी १९७२ मध्ये त्याच सरकारनं साडेतीन कोटी पौंड काढले. आजोबा त्या वेळी एकवीस-बावीस वर्षांचे होते, ते म्हणतात आयुष्यात इतकं मन लावून काम कधी केलं नाही. क्लाइडबँकला तरी जहाजं राहिली नाहीत, टेक्सासच्या कंपनीनं तिथे तेलाचे रिग बांधले, पण नदीवर पुढे गोवनला आजही युद्धनौका बांधतात ते त्यामुळेच असं मला वाटतं.

सुंदरलँडनं तर काय नाही केलं. एसडी-१४ नावाचं साधं स्वस्त मालवाहू जहाज काढलं, परवान्यावर बाहेर बांधलेली धरून दोनशेच्या वर विकली, मोठं बंदिस्त यार्ड उभं केलं, तरी १९८८ मध्ये सरकारनं बंद केलं ते केलंच.

आणि एक गोष्ट ग्रुपवर कुणीच काढत नाही ती म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉस. जहाजाच्या पाइपांना गुंडाळायला ते वापरायचे, धुळीनं माणसं पांढरी होऊन घरी यायची, बायका ते कपडे झटकायच्या. त्यामुळे होणाऱ्या फुप्फुसाच्या आवरणाच्या कॅन्सरसाठी क्लाइडबँकचं नाव अजून घेतलं जातं. आजोबांचा मोठा भाऊ त्यातच गेला. आणि असलीच जुनी जहाजं मोडायला आपल्याकडे येतात, गुजरातेत अलंगला आणि मुंबईत दारुखान्याला. आपली जुनी विमानवाहू ‘विक्रांत’ इंग्लंडमध्ये टाइन नदीवर पाण्यात गेली, बेलफास्टला पूर्ण झाली आणि २०१४ मध्ये दारुखान्यात तुटली.

आपल्याकडे यार्डं व्हावीत असं मला मनापासून वाटतं. जगाच्या जहाजबांधणीत आपला वाटा एक टक्कासुद्धा नाही, बाबांसारखी हातात कला असलेली माणसं कोकणात गावोगाव आहेत. पण हजारो कोटींच्या त्या बातम्या वाचताना मी एकच आकडा शोधते, कायम किती आणि कंत्राटी किती, आणि तो मला कुठे दिसत नाही.

ज्या दादानं तो मेसेज टाकला त्याचाच मुलगा वेल्डिंगचा कोर्स करून किनाऱ्यावरच्या एका यार्डात लागला होता, ठेकेदारामार्फत. परवा त्याला फोन केला. म्हणाला, आत्या, आमचं जहाज मे महिन्यातच गेलं, गेट पास जमा केला, आता घरीच आहे. मी विचारलं, मग दुसरं कधी लागणार?

म्हणाला, ठेकेदाराचा फोन आला की कळेल.