पाचशेवीस बिटे

भाच्याच्या आग्रहाला बळी पडून मी पाच हजार रुपयांचे बिटकॉइन घेतले, तेव्हा मोबाइलच्या पडद्यावर माझी मालमत्ता ०.०००५२ अशी उमटली. आयुष्यभर पै पै जोडून पदरी इतकी शून्ये पडावीत, आणि तीही दशांशचिन्हाच्या नको त्या बाजूला, याचे मला वाईट वाटले. "किती झाले रे?" असे आईने विचारले; मी "शून्य पूर्णांक शून्य शून्य शून्य" इथवर पोहोचलो, तोवर तिने चष्मा काढून ठेवला होता.

भाच्याने खुलासा केला, की एका बिटकॉइनचे १० कोटी भाग होतात, त्यांतल्या एका भागाला या चलनाच्या अज्ञात जनकाच्या टोपणनावावरून सातोशी म्हणतात आणि १०० सातोशी म्हणजे एक बिट. "म्हणजे मामा, तुमच्याकडे ५२० बिट आहेत."

"एवढ्या बिटांची कोशिंबीर कोण खाणार?" आई म्हणाली.

घरात बोलता येतील अशी नावे आपणच ठेवावीत, या विचाराने मी सातोशीला पै आणि बिटला आणा म्हणावे, असे सुचवले. आई ताडकन म्हणाली, "आण्याच्या पै बारा. शंभर कुठून आणल्यास?" तिच्यापुढे या विषयात कोणाचे चालत नाही, कारण १ एप्रिल १९५७ रोजी १६ आण्यांचा, म्हणजे १९२ पैंचा, रुपया १०० नव्या पैशांचा झाला, तेव्हा ती शाळेत होती. आण्याचे हिशेबाने सव्वासहा नवे पैसे होत. वाणी हातावर सहा ठेवी आणि उरलेला पाव पैसा, आईच्या ठाम मते, त्याने माडी बांधण्यात घातला. (पुढे १९६४ साली त्या पैशाचे 'नवे'पण सरकारनेच काढून घेतले.) "तुझ्या पैंमधला पाव कोण खातो?" असे तिने विचारले, तेव्हा प्रत्येक व्यवहारावर शुल्क कापले जाते, हे भाच्याला कबूल करावे लागले.

पत्नीने दमडी हे नाव सुचवले.

"मामी, दमडीत पैसे कोण गुंतवेल?"

"तुझ्या मामांनी गुंतवले की."

रात्री आईच्या हिशेबाच्या वहीत मेथी, कोथिंबीर आणि लिंबांच्या खाली नवी ओळ दिसली : बिटे ५२०, रुपये ५,०००. पुढे कंसात तिने लिहिले होते, 'महाग लावली.'