पाहुण्याचा रिमोट

कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला फुटबॉल शिकवायला जाऊ नये. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ हे फुटबॉल संघ समोरासमोर आले की आमच्याकडं सख्ख्या भावांत अबोला होतो. गॅलरीत बसून पंचांच्या सात पिढ्यांचा उद्धार करण्यात माझी हयात गेली. एवढी विद्या पाठीशी घेऊन मी फुटबॉलच्या व्हिडिओ गेममध्ये ऑनलाइन मैदानात उतरतो, आणि सातवी-आठवीतलं कुठलंतरी पोरगं मला पाच गोल घालून वर नाचून दाखवतं.

भाच्याच्या मते माझं दुखणं हेच आहे की मला फुटबॉल येतो. "मामा, पास कशाला देत बसताय? आर-टू दाबा आणि पळवा की!" आर-टू म्हणजे रिमोटवरचं पळवायचं बटण. फिफा 22 या गेममध्ये फ्रान्सच्या एमबाप्पेचा वेग 100 पैकी 97 होता, एकदा तो मोकळा सुटला की डावपेच, व्यूहरचना सगळं मागं धुळीत. मी मात्र मधल्या फळीत जर्मनीचा टोनी क्रूस घेणार. काय तो पास, काय ती नजर! वेगाचा आकडा तेवढा बघवत नाही. क्रूस पास कुठं द्यावा याचा विचार करतो तोवर समोरचं पोरगं गोल करून रिप्ले बघत असतं. फिफा 23 मध्ये तर पळण्याच्या ढंगावरून खेळाडूंचे प्रकारच पाडले. उंच, लांब टांगांचे खेळाडू थोडं अंतर मिळालं की आवरेनात. मग काही महाभागांनी बचावातला व्हॅन डाइक उचलून पुढं गोल करायला उभा केला. असलं आमच्या तालमीत कुणी केलं असतं तर रात्री घरी जाताना गल्ली बदलावी लागली असती.

दुसरा मामला पैशाचा. 2009 साली फिफात अल्टिमेट टीम, म्हणजे आपला संघ आपणच जमवायचा प्रकार, आला आणि खेळाडू पाकिटातून निघायला लागले. पाकीट विकत घ्यायचं, आत काय आहे ते नशीब. बेल्जियमच्या जुगार आयोगानं 2018 मध्ये असल्या पाकिटांना सरळ जुगार ठरवलं, आणि 2019 च्या जानेवारीत तिथं फिफा पॉइंट्सची, म्हणजे पाकिटं घ्यायच्या गेममधल्या चलनाची, विक्री बंद झाली. भाच्याला मी हे मोठ्या तळमळीनं सांगितलं. तो म्हणाला, "पण मामा, आपण बेल्जियमला कुठं राहतोय?"

पण पाकिटं, एमबाप्पे हे सगळं राहू दे. माझं खरं मरण आमच्या राउटरच्या जागेत आहे. गेम सेकंदाला 60 चित्रं दाखवतो, म्हणजे एक चित्र सुमारे 17 मिलीसेकंदांचं. पिंग, म्हणजे नेटवरून निरोप जाऊन परत यायला लागणारा वेळ, 100 मिलीसेकंदांवर गेला की बटण आत्ता दाबलेलं आणि फळ सहा चित्रांनंतर. तेवढ्यात चेंडू गेलेला असतो, माझा बचावपटू मात्र त्याच्या आठवणीत घसरत जातो आणि पेनल्टी देऊन उठतो. राउटर आहे बाबांच्या खोलीत, कारण त्यांची यूट्यूबवरची कीर्तनं अडकता कामा नयेत. बुवा पूर्वरंगातून उत्तररंगात शिरले की माझा गोलकीपर जागच्या जागी थिजतो. शेवटी मी लांबलचक लॅनची वायर आणली आणि राउटरपासून हॉलमधून थेट गेमपर्यंत ओढली. "कुणी पडलं तर दवाखान्याचं बिल तुझ्या त्या एमबाप्पेकडनं घे," असं म्हणून आईनं वायरीवर दोन पायपुसणी टाकली. पिंग खरोखर उतरला. मग एकदा 1-0 नं पुढं असताना, 88 व्या मिनिटाला लाईट गेली. टीव्ही, गेम इन्व्हर्टरवर. राउटरला इन्व्हर्टर जोडायचं कुणाला सुचलं नव्हतं. हार माझ्या नावावर.

गेमच आपल्याला मुद्दाम हरवतो, असं मानणारा एक मोठा पंथ जगभर आहे. 2020 मध्ये कॅलिफोर्नियात काही खेळाडू हे गाऱ्हाणं घेऊन कोर्टात गेले. गेम बनवणाऱ्या कंपनीनं आरोप साफ नाकारला, आणि पुढच्या वर्षी खेळाडूंनीच खटला मागं घेतला. कायद्याच्या दृष्टीनं विषय संपला. माझ्या दृष्टीनं, 90 व्या मिनिटाला दोनदा खांबाला लागून बाहेर गेलेला चेंडू अजून संशयित आहे.

समोरासमोर बसून खेळताना नेटचं निमित्त चालत नाही, तिथं घर कुणाचं हे महत्त्वाचं. ताईकडं गेलो की भाचा मोठ्या अदबीनं गेमचा रिमोट हातात देतो, आणि त्याची डावी काडी हात न लावता डावीकडं ओढत असते. माझा विंगर, म्हणजे कडेनं पळणारा गडी, कुणी न सांगता रेषेबाहेर फिरायला जातो. "दुसरा दे की रं," म्हटलं तर उत्तर ठरलेलं: "त्याचं चार्जिंग नाही, मामा."

दिवाळीत तो आमच्याकडं येतोय. माळ्यावरचा जुना रिमोट मी पुसून वर काढलाय, त्याची तर काडी चारी दिशांना ओढते. शिवाय घरात सांगून ठेवलंय, पोरगं आल्या आल्या आधी जेवायला बसवा. मटण, तांबडा, पांढरा, हवं तितकं वाढा. नको म्हणाला तरी वाढा. आणि जेवण होईपर्यंत बाबांना कीर्तन लावू नका म्हणावं. मोबाईलवर सराव करायचा आहे मला.