फुल रेंज दिसते म्हणून डॉक्टरांना रुग्ण दिसेलच असं नाही

सध्या एक सल्ला सगळीकडे फिरतोय: ‘फोनला फुल रेंज असेल तर इमारतीत कुठूनही डॉक्टरांना व्हिडिओ कॉल लागतो. रेंज कमी असेल तर बूस्टर बसवा. काहीच नसलं तरी आपत्कालीन नंबर लागतोच.’ तिन्ही गोष्टी अर्धवट आहेत, आणि छातीत कळ आलेल्या माणसाच्या उशाशी बसून ते कळलं तर फार उशीर झालेला असतो.

‘फुल रेंज’पासून सुरुवात करू. किती सिग्नलला किती काड्या दाखवायच्या, हे फोन बनवणारा ठरवतो. शिवाय त्या काड्या टॉवरकडून येणाऱ्या सिग्नलच्या असतात. इथे गरज उलटी आहे: रुग्णाचा चेहरा, जखम, ईसीजी हे सगळं फोनकडून टॉवरकडे जायचं असतं. मोठा टॉवर साधारण २० ते ४० वॉटने बोलतो, ४जी फोन जेमतेम ०.२ वॉटने. भिंत दोघांचाही सिग्नल खाते, पण फोनकडे मुळातच थोडा असतो. म्हणून घरच्यांना डॉक्टर स्वच्छ दिसतात आणि डॉक्टरांच्या पडद्यावर रुग्ण गोठलेला असतो. श्वास किती जोरात चाललाय, हे त्यांना दिसतच नाही. स्पीड टेस्ट केलीत तर डाउनलोडचा आकडा सोडा, अपलोडचा बघा. व्हिडिओसाठी तो सलग १ एमबीपीएस तरी टिकायला हवा.

आणि व्हिडिओवरच अडून बसू नका. १० सेकंदांचा पूर्ण ईसीजी सगळा मिळून साधारण ८० केबी भरतो. व्हिडिओ रडतखडत चालतो तिथूनही तो काही सेकंदांत जातो. म्हणून व्हिडिओ थांबवून आधी ईसीजी पाठवा, मग फोटो. बोलणं साध्या कॉलवर ठेवा: ४जीवरच्या साध्या कॉलला नेटवर्क राखीव जागा देतं, अ‍ॅपवरचा कॉल मात्र बाकीच्या इंटरनेटच्या गर्दीतच उभा राहतो.

‘खिडकीजवळ जा’ हेही सरसकट खरं नाही. ऊन अडवणाऱ्या काचेवर धातूचा पातळ थर असतो आणि तो सहज २० डेसिबल खातो, म्हणजे शंभरातला एकच भाग आत येतो. अशा काचेला नुसतं टेकून उपयोग नाही, तावदान उघडा.

बूस्टरचं म्हणाल तर तो बाहेरच्या अँटेनाने सिग्नल पकडतो आणि वाढवून आतल्या अँटेनाने सोडतो. हे दोन अँटेना एकमेकांना ‘ऐकू’ लागले की स्पीकरसमोर माइक धरल्यासारखी शिट्टी सुरू होते. ती टॉवरपर्यंत पोचते आणि आसपासच्या सगळ्यांचे कॉल बिघडवते. म्हणूनच बहुतेक देशांत मनाला येईल तो बूस्टर लावता येत नाही. मोबाइल कंपनीकडून आतल्या अँटेनांची व्यवस्था करून घ्या, किंवा वायफाय कॉलिंग (टॉवरऐवजी घरच्या वायफायवरून जाणारा साधा कॉल) चालू करा. पण वीज गेली की राउटरही जातो. यूपीएस राउटरला आणि फायबरच्या डबीला, दोन्हींना हवा. एकाला विसरलात तर दुसरा चालू असून नसल्यासारखाच.

आपत्कालीन नंबर दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरूनही लागतो, हे खरं. पण ती सवलत कॉलपुरती. व्हिडिओ किंवा ईसीजी त्या वाटेने जात नाही. आणि तळघरात कुणाचाच टॉवर पोचत नसेल तर हाही नंबर लागत नाही.

तेव्हा आजच मोजून ठेवा. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये *#*#४६३६#*#* दाबलं की सिग्नलचा खरा आकडा (डीबीएममध्ये) दिसतो. तो उणे असतो, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. ढोबळमानाने उणे ९५ किंवा त्याहून बरा असेल तर व्हिडिओची आशा धरा. उणे ११० च्या खाली गेला तर कॉलच बरा. रुग्णाच्या पलंगाशी, न्हाणीघरात, लिफ्टमध्ये, तळघरात, दारं लावून मोजा. अपलोड संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी तपासा. मिळालेली सर्वांत चांगली जागा पलंगाजवळ कागदावर लिहून चिकटवा. त्याच कागदावर हेही लिहा: कॉल तुटला तर परत डॉक्टरच लावतील, घरच्यांनी फोन मोकळा ठेवायचा. दोघांनी एकदम लावला तर दोघांनाही बिझी लागतो.