पंचवीस फूट म्हणजे पंचवीस मीटर नव्हेत

‘घरच्या घरी ऑलिंपिकचा सराव’ अशा मथळ्याचा एक संदेश गेला महिनाभर व्हॉट्सॲपवर फिरत आहे. त्यात पाच गोष्टी छातीठोकपणे सांगितल्या आहेत. 25 बाय 8 फुटांचा तलाव ऑलिंपिक तलावाच्या निम्मा भरतो. खोली सहा फूट हवीच. अंगणात जागा नसेल तर तो गच्चीवर बांधावा, कारण तिथे पाण्याच्या टाक्या असतातच. पावसाळ्यात तो रिकामा ठेवावा. आणि तुरटी टाकत राहिल्यास फिल्टरची गरज नाही. संदेश तीन वेळा माझ्याकडे आला तेव्हा मी तो न वाचता पुसला. चौथ्या वेळी तो नाशिकच्या साडूंकडून आला आणि खाली त्यांनी लिहिले होते, ‘गवंड्याशी बोलणे झाले आहे, गच्चीचे माप घेतले.’ तेव्हा मात्र गप्प बसणे शक्य नव्हते.

गच्चीचा मुद्दा आधी घेतो, कारण बाकीच्या चुकांनी फार तर पैसे जातील, या चुकीने घर जाईल. 25 फूट लांब, 8 फूट रुंद आणि 6 फूट खोल तलावाचे घनफळ 1200 घनफूट, म्हणजे सुमारे 34 हजार लिटर पाणी, म्हणजेच 34 टन. यात भिंतींचे आणि तळाचे वजन धरलेले नाही. वावर असलेल्या गच्चीसाठी आय. एस. 875 या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागात जो चल भार, म्हणजे माणसे-सामान अशा बदलत्या गोष्टींचे वजन, धरायला सांगितला आहे, तो चौरस मीटरला 1.5 किलोन्यूटन, म्हणजे साधारण 150 किलो इतका आहे. सहा फूट पाण्याचा भार चौरस मीटरला 1800 किलोंच्या वर जातो. बारा पट! अभियंते सुरक्षेसाठी जी वाढ धरतात, ती दीडपटीच्या आसपास असते. तिच्या भरवशावर बारा पट भार टाकण्याला धाडस म्हणता येणार नाही, तो निव्वळ अडाणीपणा आहे.

‘टाक्या असतातच की’ हा युक्तिवाद तर ऐकायला इतका सोपा आहे की साडूंसारखा हिशेबी माणूसही त्याला भुलला. हजार लिटरची काळी टाकी सुमारे मीटरभर व्यासाची असते आणि जाणता बांधकामवाला ती खांब किंवा बीम पाहून त्यावर बसवतो. 34 हजार लिटरसाठी अशा 34 टाक्या लागतील. त्या 25 बाय 8 च्या जागेत एकमेकींना खेटून मांडायच्या म्हटल्या, तर एका थरात सात-सातच्या दोन ओळी, म्हणजे चौदाच मावतात. दोन थर लावूनही सहा टाक्या उरतात आणि त्या तिसऱ्या थरावर चढवाव्या लागतात. गच्चीवर टाक्यांची तीन मजली उतरंड रचायला कोणी धजावेल काय? तेच वजन निळ्या फरशीच्या आत ओतले की कोणाला काही वाटत नाही. मुंबई-पुण्याच्या उंच इमारतींत वरच्या मजल्यावर तलाव असतात, हे खरे. पण तो भार पायापासून, प्रत्येक खांबात, आराखड्यातच धरलेला असतो. वीस वर्षे जुन्या बंगल्याच्या स्लॅबला ते उदाहरण लागू पडत नाही.

आता लांबी. ऑलिंपिक तलाव 50 मीटरचा असतो; त्याचा निम्मा 25 मीटर. संदेशकर्त्याने मीटर गाळून फूट लावले आणि निम्मेपण तसेच ठेवले. 25 फूट म्हणजे 7.62 मीटर. या रविवारी आम्ही साडूंच्या आवारात फक्कीने तो चौकोन आखला आणि त्यांना चटईवर पालथे, हात ताणून झोपवले. पाय भिंतीच्या रेषेवर, तर बोटांची टोके 2.1 मीटरवर आली. भिंतीला रेटा दिल्यावर शरीर हात न मारता आणखी तीन मीटर सहज सरकते. उरले अडीच मीटर, म्हणजे दोन-तीन हात मारले की समोर भिंत. एक किलोमीटर पोहायला अशा 131 फेऱ्या लागतील आणि त्यांतले निम्म्याहून अधिक अंतर पोहून नव्हे, भिंतीला लाथा मारून कापले जाईल.

इथे एक गोष्ट नाइलाजाने मान्य करावी लागते. कमरेला रबरी दोर बांधून, त्याचे दुसरे टोक मागच्या भिंतीला अडकवून जागच्या जागी पोहता येते आणि त्यासाठी पाच मीटरचा हौदही पुरतो. व्यायाम होतो, दम लागतो. मात्र संदेशात दोराचा उल्लेखही नाही.

खोलीचे सहा फूट कुठून आले, हे कळत नाही. जागतिक जलक्रीडा संघटनेच्या सर्वसाधारण नियमांत उडीचे ठोकळे असलेल्या तलावालाही भिंतीपासून 1 ते 6 मीटरच्या टप्प्यात किमान 1.35 मीटर आणि इतरत्र 1 मीटर खोली चालते. घरी 1.2 मीटर पुरे, अट एवढीच की सूर मारायचा नाही. जागा कमी असताना खोलीत ओतलेले पाणी लांबीला द्यावे, हा साधा हिशेब आहे.

पावसाळ्यात तलाव रिकामा ठेवण्याचा सल्लाही उलटा आहे. रिकामे घमेले हौदात सोडले तर तरंगते. भूजल वर आले की जमिनीतला रिकामा तलाव तेच करू पाहतो, उचलला जातो किंवा तडकतो. तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. त्यासाठी क्लोरीन लागते आणि पाणी फिरवायला पंप व फिल्टरही लागतो.

साडूंच्या घराच्या बाजूला 45 बाय 13 फुटांची पट्टी आहे. ती सामासिक अंतरात, म्हणजे घर आणि हद्द यांच्यात मोकळ्या सोडायच्या जागेत, येत असल्याने महापालिकेची परवानगी आधी पाहावी लागेल आणि घराच्या पायालगत खोदायचे म्हणून अभियंत्यालाही दाखवावे लागेल. आत 11 मीटर लांब, 2.2 मीटर रुंद आणि 1.2 मीटर खोल असा तलाव बसत होता. एकट्याला हात पसरून पोहायला ही रुंदी पुरते आणि घराकडून चालायला जागा राहते. परंतु टोकाला शेवगा आहे आणि आमच्या थोरल्या मेहुणीबाई तो तोडू देणार नाहीत. त्यामुळे लांबी 10 मीटरवर आली. एका किलोमीटरला बरोबर 100 फेऱ्या होतील, मोजायला सोपे जाईल, असे साडूंनी परस्पर ठरवूनही टाकले आहे.