त्या फॉरवर्डमधलं ‘आपोआप’

आमच्या भावकीच्या ग्रुपवर गेल्या महिन्यात कराडच्या भाऊजींनी एक मेसेज टाकला. तोवर तो माझ्या भिशीच्या ग्रुपवर येऊन गेला होता आणि गोडोलीतल्या झेरॉक्सवाल्यानं ‘काकू, तुमच्या कामाचं’ म्हणून मला दाखवलाही होता. माझ्या कामाचं अशासाठी, की माझी सून पोलंडची आहे. मुलगा पुण्याला नोकरीच्या धबडग्यात, म्हणून सुनेच्या कागदांची फाइल साताऱ्यात मी सांभाळते. शाळेत तीस वर्षं दाखल्यांचं रजिस्टर लिहिलंय, कागदाला मी भीत नाही.

मेसेज असा होता: ‘परदेशी मुलीशी लग्न करताय? घाबरू नका. मंदिरात लग्न लावा, ग्रामपंचायतीत नोंद करा. लग्न झालं की ती आपोआप भारतीय होते, व्हिसा लागत नाही. आधार काढा, तोच नागरिकत्वाचा पुरावा. मग सातबाऱ्याला नाव लावा. मूल तर भारतीयच. सरकारी लोक उगाच फिरवतात. पुढे पाठवा.’ खाली एक मोबाइल नंबर आणि ‘फुल पॅकेज 60,000’.

भाऊजींना फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘वहिनी, एकेक लिहूनच टाका.’ तर लिहिते.

‘मंदिरात लग्न लावा, ग्रामपंचायतीत नोंद करा.’

मंदिरात लग्न लावायला कोणाची ना नाही. आम्हीही हळद, मंगलाष्टकं, सप्तपदी सगळं केलं. पण हिंदू विवाह कायदा लागू होतो तो नवरा-नवरी दोघंही हिंदू असतील तेव्हाच. माझी सून कॅथलिक आहे. हिंदू आणि ख्रिश्चन यांचं लग्न त्या कायद्याखाली होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2008 साली स्पष्ट सांगितलंय. ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत नोंद होते ती महाराष्ट्राच्या 1998 च्या कायद्याखाली, आणि ती नोंद आधीच लागलेल्या लग्नाची असते. लग्नच कायद्यात बसत नसेल तर नुसत्या शिक्क्यानं ते बसत नाही. असा दाखला घेऊन पुढे व्हिसाच्या अर्जाला गेलात की सगळी इमारत कच्च्या पायावर.

आम्ही धरली ती वाट 1954 च्या विशेष विवाह कायद्याची. तिथे पहिला अडसर दिवसांचा. दोघांपैकी एक जण त्या जिल्ह्यात निदान 30 दिवस राहत असला पाहिजे, मग नोटीस द्यायची, ती 30 दिवस फलकावर राहणार, त्यानंतर तीन साक्षीदारांसमोर सह्या. नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर पुन्हा नवी नोटीस. मुलाचं राहणं पुण्याचं, म्हणून साताऱ्यात 30 दिवस भरले ते सुनेचे. ती घरी आली त्याच दिवशी परदेशी पाहुण्याची माहिती ऑनलाइन कळवली होती, ज्याला सगळे सी फॉर्म म्हणतात. त्याचीच प्रत राहण्याचा पुरावा म्हणून कामी आली. मुलगा इथलाच असेल तर पहिले 30 दिवस वाचतात, नोटिशीचे 30 मात्र कोणाचेच वाचत नाहीत. म्हणजे 30 दिवसांच्या ई-व्हिसावर आलेल्या मुलीचं गणित जुळतच नाही. शिवाय ई-व्हिसाच्या अटींतच लिहिलेलं असतं की तो वाढवून मिळत नाही आणि बदलूनही मिळत नाही. आम्ही त्या वाटेला न जाता वॉर्सातल्या भारतीय दूतावासातून साधा टुरिस्ट व्हिसा घेतला होता.

दुसरा अडसर तिच्याकडच्या कागदांचा. ती अविवाहित आहे, लग्नाला पात्र आहे, असा दाखला पोलंडच्या नोंदणी कार्यालयातून आणावा लागला. तो सहाच महिने चालतो. म्हणजे फार आधी काढून ठेवला तर वाया. त्यावर तिकडचं अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून लागणारं सरकारी प्रमाणीकरण, मग इंग्रजी भाषांतर.

आणि तिसरा अडसर, जो कुठल्याच यादीत नसतो. पोलंडमध्ये एकाच घराण्यातल्या वडिलांचं आडनाव ‘स्की’नं संपतं आणि मुलीचं ‘स्का’नं. अर्ज घेणारे गृहस्थ चष्मा वर करून म्हणाले, ‘बाई, वडील आणि मुलगी, आडनाव वेगळं कसं?’ त्यांची चूक नव्हती. आपल्याकडे एका मात्रेच्या फरकानं माणसं कोर्टाची पायरी चढतात. वर तिच्या नावात एक अक्षर असं, की इंग्रजी एलवर आडवी रेघ. टाइप करणाऱ्या मुलाला वाटलं खाडाखोड आहे, त्यानं ते अक्षर गाळूनच टाकलं. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाशी बाणांसारख्या खुणांच्या दोन ओळी असतात, त्यात तेच अक्षर साध्या एलनं छापलेलं असतं. मी त्या ओळीवर बोट ठेवलं, त्यानं ते अक्षर परत घातलं, आणि तेव्हापासून प्रत्येक अर्जात आम्ही तेच स्पेलिंग धरलं. प्रमाणपत्र हातात पडल्यावर पेढे वाटायच्या आधी स्पेलिंग वाचा. पुढचे सगळे अर्ज त्याच कागदावर उभे राहतात.

‘आपोआप भारतीय होते, व्हिसा लागत नाही.’

सगळ्या मेसेजमधला सगळ्यात घातक शब्द हा ‘आपोआप’. नागरिकत्वाचा कायदा 1955 चा. भारतीयाशी लग्न झालेल्या परदेशी व्यक्तीला कलम 5 खाली अर्ज करता येतो, पण भारतात सात वर्षं राहिल्यावर. त्यातलं अर्जाआधीचं शेवटचं एक वर्ष सलग. राजकारण बाजूला ठेवून बघा, सोनिया गांधींचं लग्न 1968 चं आणि नागरिकत्व 1983 चं. शिवाय भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, म्हणजे आधीचं सोडावं लागतं, आणि पोलंडचं सोडायला तिथल्या राष्ट्राध्यक्षांची संमती लागते. सूनबाईला तूर्त ते करायचं नाहीये, आणि आम्हीही तसा आग्रह धरलेला नाही.

मग ती राहते कशावर? एंट्री व्हिसावर, ज्याला एक्स व्हिसा म्हणतात. तो तिकडच्या आपल्या दूतावासातून मिळतो, किंवा इथे असताना लग्न झालं तर जुना व्हिसा बदलून घेता येतो. आम्ही दुसरी वाट धरली. अर्ज ऑनलाइन भरायचा. जिल्ह्यात परदेशी लोकांच्या नोंदणीचं काम पोलीस अधीक्षकांकडे असतं, त्यामुळे पुढे चौकशीला पोलीस घरी येतात. लग्न खरं आहे का, दोघं एकत्र राहतात का, हे त्यांना बघायचं असतं.

आमच्याकडे एक हवालदार आले. लग्नाचे फोटो चाळले, समोरच्या बिऱ्हाडात जाऊन विचारून आले. सूनबाई चहा घेऊन आली आणि म्हणाली, ‘बस.’ मी घरात मुलाला म्हणते तसं. हवालदार निमूट बसले. मग मला हळूच म्हणाले, ‘पोलंड म्हणजे वळिवड्याचे का हे?’ त्यांचं आजोळ कोल्हापूरकडचं. 1943 ते 1948 या काळात वळिवड्याला पोलिश निर्वासितांची मोठी छावणी होती, तिच्या गोष्टी त्यांनी आजीकडून ऐकलेल्या. त्यानंतर चौकशी कमी आणि वळिवडंच जास्त झालं. पण वहीत नोंद मात्र सगळी झाली. मुलगा पुण्याला, सून साताऱ्याला, हे का, हा प्रश्न त्यांनी विचारलाच. उत्तर खरं होतं म्हणून अडलं नाही.

व्हिसा 180 दिवसांहून जास्त मुदतीचा असेल तर आल्यापासून 14 दिवसांत नोंदणी, हाही नियम आहे. आणि मुदत संपली तरी ‘बायकोच आहे माझी, कोण काय करणार’ म्हणून बसून राहाल, तर 1 सप्टेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या इमिग्रेशन कायद्यात मुदतीबाहेर राहण्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. मंगळसूत्र दाखवून तो माफ होत नाही.

‘आधार हाच नागरिकत्वाचा पुरावा.’

नाही. आधार रहिवाशाला मिळतं, नागरिकाला नव्हे. वर्षात 182 दिवस इथे राहिलेल्या परदेशी माणसालाही मिळतं. आधारच्या कायद्यातच तसं लिहिलंय. त्यावर मतदार यादीत नाव घालायला जाऊ नका, तो गुन्हा होईल.

इथे भाऊजींचा मुलगा ग्रुपवर मध्येच म्हणाला, ‘काकू, ओसीआय म्हणजे दुहेरी नागरिकत्वच ना?’ ओसीआय म्हणजे ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’, नावात सिटिझन आहे म्हणून घोळ होतो. ओसीआय हे कार्ड आहे. त्यावर आयुष्यभर ये-जा आणि राहणं सोपं होतं, पण मत देता येत नाही. भारतीयाच्या परदेशी जोडीदाराला ते मिळायला लग्नाची नोंद होऊन सलग दोन वर्षं झालेली असावी लागतात, सुरक्षा तपासणी व्हावी लागते, भारतातून अर्जाचं शुल्क 15,000 रुपये. आईवडील किंवा आजीआजोबा कधी पाकिस्तान वा बांगलादेशचे नागरिक असतील तर ते मिळत नाही. घटस्फोट झाला तर काढून घेता येतं. आणि दोन वर्षं मोजायची ती नोंदणीच्या तारखेपासून. आमच्या मांडवातली तारीख आणि विवाह अधिकाऱ्यासमोरची तारीख यांत तीन आठवड्यांचं अंतर आहे. फाइलवर मी लाल पेनानं दुसरीच लिहून ठेवलीय.

‘सातबाऱ्याला नाव लावा.’

आता खरं दुखणं. आमची कोरेगाव तालुक्यात दीड एकर आहे, आलं आणि ऊस. हा मेसेज वाचून दोघातिघांनी विचारलं, सुनेचं नाव कधी लावताय? कुळकायद्याचं कलम 63 म्हणतं, शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकता किंवा बक्षीस देता येत नाही. ओसीआय कार्ड असलं तरी शेतजमीन, मळे आणि फार्महाउस विकत घेता येत नाही. वारशानं आली तर गोष्ट वेगळी.

पण वारशाचंच एक कलम आहे, जे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि विवाह कायदा वाचताना माझ्या डोळ्यांपुढे आलं. एकत्र कुटुंबातल्या हिंदू मुलानं विशेष विवाह कायद्याखाली अन्य धर्माच्या मुलीशी लग्न केलं की कलम 19 प्रमाणे तो त्या एकत्र कुटुंबातून विभक्त झाला असं धरलं जातं. त्याचा हिस्सा जात नाही, तो वेगळा होतो. आणि त्याच्या मागे त्याच्या मालमत्तेची वाटणी हिंदू वारसा कायद्यानं नाही, 1925 च्या भारतीय वारसा कायद्यानं होते. त्यात मृत्युपत्र नसेल आणि मुलं असतील तर विधवेला एक तृतीयांश, बाकी मुलांना. आईनं असं लिहू नये, पण कागदाला आई नसते. दोघंही हिंदू असते तर हे लागू झालं नसतं. हे वाचून मी रात्री यजमानांना उठवलं. ते म्हणाले, ‘सकाळी बघू.’ सकाळी आम्ही वकिलांकडे गेलो आणि मुलाचं मृत्युपत्र करायचं ठरलं. साठ हजारांच्या पॅकेजमध्ये हे कलम आहे का, ते कुणीतरी त्या नंबरवर विचारून बघा.

‘मूल तर भारतीयच.’

बहुतेक वेळा खरं, पण एका अटीवर. 3 डिसेंबर 2004 नंतर भारतात जन्मलेलं मूल जन्मानं भारतीय ठरायला एक पालक भारतीय हवा आणि दुसरा जन्माच्या वेळी बेकायदा स्थलांतरित नको. कायद्याच्या व्याख्येत वैध व्हिसावर येऊन मुदतीनंतर राहिलेला माणूसही बेकायदा स्थलांतरितच. म्हणजे ‘व्हिसा लागत नाही’ या सल्ल्याची किंमत पुढे लेकराला मोजावी लागू शकते. मेसेजमधली दोन वाक्यं एकमेकांचीच मुंडी मुरगाळतात.

‘सरकारी लोक उगाच फिरवतात.’

फेऱ्या झाल्या, खोटं कशाला बोलू. मोजल्या तर अकरा. त्यातल्या चार माझ्या चुकीनं, कारण साक्षीदारांपैकी एकाचं आधार जुन्या पत्त्याचं होतं आणि एकदा फोटोची पार्श्वभूमी निळी निघाली. पण एका एजंटाकडे आम्हीही सुरुवातीला गेलो होतो. त्यानं मूळ पासपोर्ट ठेवून घ्यायची गोष्ट काढली. सूनबाईनं तो पर्समध्ये टाकला, पर्सची चेन लावली आणि उठली. ‘उद्या येतो’ एवढं मराठी तिला तेव्हा येत होतं. तेवढं म्हणून ती जिना उतरून गेली, आणि मी मागोमाग.